बारावीनंतर कोणती पदवी? विषय, सीईटी, कॅप फेऱ्या आणि कागदपत्रं

महाराष्ट्रात बारावीचे टक्के प्रत्येक अभ्यासक्रमाला सारखे मोजले जात नाहीत. इंजिनिअरिंगला बारावीत खुल्या प्रवर्गासाठी ४५ टक्के आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के एवढी फक्त पात्रतेची अट आहे. गुणवत्ता यादी लागते ती एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पर्सेंटाइलवर. एमबीबीएसला नीटचे गुण धरतात, बारावीत पीसीबीला (फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी) खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के असले की पुरे. बीए, बीकॉम, बीएस्सीला मात्र बहुतेक महाविद्यालयांत आजही बारावीच्याच गुणांवर यादी लागते. म्हणून पदवी निवडताना आधी हे बघा की तिची यादी कशावर लागते, ती परीक्षा कोण घेतं आणि तिचा फॉर्म कधी भरायचा. बहुतेक सीईटींचे फॉर्म बारावीची लेखी परीक्षा सुरू होण्याआधीच निघतात. निकाल हातात आल्यावर विचार करू म्हणणाऱ्यांचे निम्मे पर्याय तेव्हा बंद झालेले असतात.

विषय कोणते घेतले होते

विज्ञान शाखेत गणित असेल तर जवळजवळ सगळंच खुलं राहतं. गणित सोडून जीवशास्त्र घेतलं असेल तर इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर आणि एनडीएतून हवाई दल किंवा नौदलात जायची वाट बंद होते. वैद्यकीय, कृषी, फार्मसी, पशुवैद्यक, नर्सिंग हे पर्याय राहतात. फार्मसीला गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी काहीही चालतं. चारही विषय असतील तर एमएचटी-सीईटीचे पीसीएम (गणिताचा) आणि पीसीबी (जीवशास्त्राचा) असे दोन्ही गट देता येतात आणि दोन्हीचं पर्सेंटाइल वेगळं लागतं. दोन्ही द्यायचे असतील तर फॉर्म भरतानाच दोन्ही गट निवडावे लागतात.

वाणिज्य आणि कला शाखेच्या मुलांना 'तुमच्याकडे पर्याय कमी' असं सांगितलं जातं, ते खरं नाही. पाच वर्षांचा कायदा अभ्यासक्रम, बीबीए, बीसीए, डिझाइन, हॉटेल मॅनेजमेंट, ललित कला, सीए, एनडीएतून थेट लष्कर, हे सगळं कुठल्याही शाखेला खुलं आहे. सीए फाउंडेशनला कला शाखेचा विद्यार्थीही बसू शकतो, फक्त अकाउंट्सची सुरुवात त्याला शून्यापासून करावी लागते.

एमएचटी-सीईटी समजून घेताना

पीसीएम गटाचा पेपर २०० गुणांचा असतो. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० प्रश्न, प्रत्येकी एका गुणाचे, दोन्ही मिळून ९० मिनिटं. मग गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुणांचे, त्यालाही ९० मिनिटं. म्हणजे निम्मे गुण एकट्या गणिताचे. पीसीबी गटात गणिताच्या जागी जीवशास्त्राचे १०० प्रश्न, एकेका गुणाचे. अभ्यासक्रमाचा साधारण २० टक्के भार अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतो. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नीटमध्ये नेमकं उलट आहे. तिथे १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीला एक वजा. दोन्ही परीक्षा देणारी मुलं नीटची सावध सवय सीईटीत घेऊन जातात आणि दहा-पंधरा प्रश्न उगाच कोरे ठेवून येतात.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९२ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी ९२ टक्के मुलं तुमच्या बरोबरीची किंवा मागे. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो, म्हणून गुणांची थेट तुलना न करता पर्सेंटाइल काढतात आणि ते दशांश चिन्हानंतर सात अंकांपर्यंत देतात. मित्राला तुमच्यापेक्षा चार गुण कमी आणि पर्सेंटाइल जास्त, असं सहज होतं. त्यात घोटाळा शोधू नका.

कटऑफचा तक्ता कसा वाचायचा

मागच्या वर्षीचे कटऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर फेरीनिहाय पीडीएफमध्ये असतात. खाजगी क्लासेस जे तक्ते वाटतात त्यांत बऱ्याचदा फेरी किंवा प्रवर्ग लिहिलेला नसतो, म्हणून मूळ पीडीएफच उतरवून घ्या.

तक्त्याच्या एका चौकटीत वर एक पूर्णांक आणि खाली कंसात दशांश आकडा दिसतो. वरचा आकडा म्हणजे त्या जागेवर प्रवेश मिळालेल्या शेवटच्या मुलाचा राज्य गुणवत्ता क्रमांक, कंसातला त्याचा पर्सेंटाइल. रकान्याच्या शीर्षकातली अक्षरं तीन गोष्टी सांगतात. पहिलं 'जी' असेल तर सर्वसाधारण जागा, 'एल' असेल तर मुलींसाठी राखीव ३० टक्क्यांतली. मधला भाग प्रवर्ग सांगतो: ओपन, ओबीसी, एससी वगैरे. शेवटचं अक्षर 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटी, 'ओ' म्हणजे होम युनिव्हर्सिटीबाहेरच्या मुलांची जागा, 'एस' म्हणजे राज्यस्तरीय.

होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी कुठून झाली यावरून. लातूरहून बारावी केलेल्या मुलाचं होम विद्यापीठ नांदेडचं. त्याला पुण्यातल्या एखाद्या संलग्न महाविद्यालयाचा अंदाज घ्यायचा असेल तर त्याने 'ओ'चा रकाना बघायचा, 'एच'चा नाही. अशा महाविद्यालयांत ७० टक्के जागा होम विद्यापीठाच्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात, त्यामुळे दोन रकान्यांत बराच फरक पडू शकतो. ज्या संस्थांत फक्त 'एस' आहे तिथे हा प्रश्न येत नाही.

टीएफडब्ल्यूएस हा आणखी एक वेगळा रकाना. मंजूर जागांवर पाच टक्के जादा जागा, ट्यूशन फी माफ, अट एवढीच की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. या जागांना जातीचं आरक्षण नाही आणि कटऑफ सहसा त्याच शाखेच्या खुल्या जागेपेक्षा वर जातो. विकल्प अर्जात (महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाच्या अर्जात) हिचा चॉइस कोड स्वतंत्र असतो, शेवटी 'टी' असलेला. मूळ शाखेचा कोड भरला म्हणजे टीएफडब्ल्यूएस आपोआप धरली जाईल असं समजून मुलं ती गमावतात. ही जागा घेतल्यावर पुढे शाखा किंवा महाविद्यालय बदलता येत नाही, हेही आधीच लक्षात घ्या.

अंदाज बांधताना मागच्या दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवा आणि पर्सेंटाइलपेक्षा गुणवत्ता क्रमांकाकडे जास्त बघा. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या बदलली की तोच पर्सेंटाइल वेगळ्या क्रमांकावर जातो. शिवाय कॉम्प्युटरच्या जागा अनेक महाविद्यालयांनी वाढवल्या असतील तर जुना कटऑफ खाली येऊ शकतो. यंदाची प्रवेशक्षमता मागच्या वर्षीइतकीच आहे ना, तेही तपासा.

विकल्प अर्ज

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. पद्धत साधी आहे. संगणक गुणवत्ता यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरुवात करतो, त्याची यादी वरून खाली बघतो, जो पहिला विकल्प रिकामा आणि त्याच्या हक्कात बसणारा सापडेल तो त्याला देतो आणि थांबतो. मग दुसरा मुलगा. म्हणजे अवघड महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिलं म्हणून खालच्या विकल्पांवर काहीही परिणाम होत नाही. 'मिळणार नाही म्हणून लिहिलंच नाही' हे तोट्याचंच. क्रम आवडीचा लावायचा, शक्यतेचा नाही.

आता यातली मेख. २०२५-२६ पासून इंजिनिअरिंगला कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, चार फेऱ्या झाल्या आणि ऑटो फ्रीझचा नियम कडक झाला. पहिल्या फेरीत पहिला विकल्प मिळाला तर ती जागा गोठते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी काही मिळालं तरी गोठते, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी. गोठली म्हणजे ती जागा घ्यायची किंवा पुढच्या कॅप फेऱ्यांमधून बाहेर पडायचं. म्हणून वरचे सहा विकल्प असे हवेत की त्यातलं कुठलंही मिळालं तरी तुम्ही खरोखर तिथे जाल. शेजारच्या काकांनी सुचवलं म्हणून तिसऱ्या क्रमांकावर टाकलेलं महाविद्यालय दुसऱ्या फेरीत गळ्यात पडू शकतं. नियम वर्षागणिक बदलतात, तुमच्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेतलं ऑटो फ्रीझचं पान स्वतः वाचा.

यादी करताना तीन भाग पाडले तर सोपं जातं. मागच्या वर्षीच्या कटऑफनुसार थोडी आवाक्याबाहेरची आठ-दहा, आसपासची पंधरा-वीस, आणि नक्की मिळतील अशी किमान आठ. शेवटचा भाग बहुतेक जण आळसाने गाळतात आणि पहिल्या फेरीत काहीच न मिळून घाबरतात. प्रत्येक फेरीआधी यादी नव्याने लावायची संधी मिळते, ती वापरा. अर्ज भरून 'कन्फर्म' न केल्यास तो धरलाच जात नाही. कन्फर्म केल्यावर पीडीएफ उतरवून चॉइस कोड एकेक करून मोठ्याने वाचून तपासा. सारख्या नावाची महाविद्यालयं एकाच शहरात दोन-तीन असतात आणि कोडमधला एक अंक चुकला की भलतीकडे जागा लागते.

जागा मिळाल्यावर लॉगिनमधून ती स्वीकारायची, एक हजार रुपये जागा स्वीकृती शुल्क भरायचं, आणि फ्रीझ की पुढची फेरी हे ठरवायचं. पुढच्या फेरीत वरचा विकल्प मिळाला तर आधीची जागा आपोआप जाते, परत मागता येत नाही. न मिळाल्यास आधीची तशीच राहते. फक्त स्वीकारून घरी बसलात आणि ठरलेल्या मुदतीत महाविद्यालयात जाऊन प्रवेश पक्का केला नाही तर मात्र सगळं वाया.

शाखा की महाविद्यालय, या वादावर आमचं मत स्पष्ट आहे. जुन्या, चांगल्या प्रयोगशाळा असलेल्या संस्थेतली इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल किंवा सिव्हिल ही दोन वर्षांपूर्वी उघडलेल्या महाविद्यालयातल्या 'एआय-डीएस'पेक्षा बऱ्याचदा चांगली. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, नांदेडचं एसजीजीएस अशा ठिकाणी सॉफ्टवेअर कंपन्यांची भरती अनेकदा सर्व शाखांना खुली असते. कॉम्प्युटरच घ्यायचं असेल तर महाविद्यालयात त्या शाखेचे कायम शिक्षक किती, एनबीए मानांकन त्या शाखेला आहे का (फक्त संस्थेला नव्हे), आणि मागच्या तीन वर्षांत त्या शाखेची किती मुलं पास होऊन बाहेर पडली, एवढं विचारा. 'सर्वोच्च पॅकेज'चा फ्लेक्स बघू नका. मधल्या मुलाला काय मिळालं ते विचारा.

वैद्यकीय आणि त्याच्या आसपासचं

नीटनंतर नोंदणी दोन ठिकाणी करायची असते, हे अनेक घरांना ऑगस्ट उजाडल्यावर कळतं. सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा, नागपूरचं एम्स आणि अभिमत विद्यापीठं केंद्राच्या मेडिकल कौन्सिलिंग कमिटीमार्फत (एमसीसी) भरतात. पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयासाठीही तिथेच नोंद करावी लागते. राज्याच्या ८५ टक्के जागा राज्य सीईटी कक्षाकडे. एकीकडे नोंदणी केली म्हणजे दुसरीकडे नाव जात नाही.

राज्य कोट्याचा एक सापळा दरवर्षी कोणाला तरी पकडतो. त्या कोट्यासाठी अधिवास तर लागतोच, शिवाय काही ठरावीक अपवाद सोडले तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. क्लाससाठी कोटाला जाऊन अकरावी-बारावीचा दाखला राजस्थानातल्या शाळेत घेतला तर मूल महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांतून बाहेर पडतं, आणि राजस्थानचा अधिवास नसल्याने तिथलाही राज्य कोटा सहसा मिळत नाही. उरतात १५ टक्के. क्लास कुठेही लावा, शाळेचा दाखला इथेच ठेवा.

सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस केल्यावर एक वर्ष शासकीय सेवेचा बंध असतो, तो न पाळल्यास दहा लाख रुपये भरावे लागतात. कागदावर सही करताना पालक हे वाचत नाहीत. एमबीबीएस साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप, बीएएमएस आणि बीएचएमएसही तितकेच, बीडीएस इंटर्नशिप धरून पाच. पशुवैद्यकाचा बीव्हीएस्सी अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा, राज्यात तो नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाखाली येतो आणि त्याची यादीही नीटवरच लागते. दूध संघ, कुक्कुटपालन आणि पशुधन विकास अधिकारी पदं बघता नीटमध्ये थोडक्यात हुकलेल्यांनी हा पर्याय शेवटी नव्हे, आधी बघावा. बीएस्सी नर्सिंगला राज्याची स्वतंत्र सीईटी आहे, नीट नव्हे. तिचा फॉर्म भरायचा राहून जाणारी मुलं खूप.

फार्मसीबद्दल थोडं सावध. गेल्या काही वर्षांत राज्यात फार्मसी महाविद्यालयं भराभर निघाली. बी-फार्म चार वर्षांचा आणि सीईटीवर, डी-फार्म दोन वर्षांचा आणि बारावीच्या गुणांवर. औषधांचं दुकान काढायचं असेल तर डी-फार्म पुरतो. तो करून बी-फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. कंपनीत संशोधन किंवा गुणवत्ता विभागात जायचं असेल तर बी-फार्म आणि त्यापुढे एम-फार्म धरूनच चाला.

कृषीसाठी राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार विद्यापीठं. बीएस्सी ऑनर्स कृषी चार वर्षांचा. शेवटच्या वर्षात एक सत्र खेड्यात शेतकऱ्यांसोबत काम करण्यात जातं. या प्रवेशात शेतकरी कुटुंबाला भारांक (जादा गुण) मिळत आला आहे, तेव्हा सातबारा विद्यार्थ्याच्या किंवा आई-वडिलांच्या नावावर आहे की अजून आजोबांच्याच, हे आधी बघा. वारसनोंद करायला तलाठ्याकडे महिने जातात.

बीए, बीकॉम, बीएस्सी आणि चार वर्षांची पदवी

नव्या शैक्षणिक धोरणानुसार संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून रचना बदलली. तीन वर्षांनी साधी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं, पण त्यासाठी चार जादा श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. नुसतं वर्ष पास होऊन प्रमाणपत्र मिळत नाही. एक श्रेयांक म्हणजे सत्रात पंधरा तास व्याख्यानं किंवा तीस तास प्रात्यक्षिकं.

चौथं वर्ष कोणी करावं? एमपीएससी, यूपीएससी, बँका, बीएड, तीन वर्षांचा एलएलबी यांना तीन वर्षांची पदवी पुरते. ज्यांना पीएचडी किंवा परदेशात एमएस करायचं आहे त्यांनी चौथं करावं, कारण त्यानंतर इथली पदव्युत्तर पदवी एकाच वर्षात होते. मायनर (दुय्यम) विषय निवडताना वेळापत्रकात बसतो म्हणून काहीही घेऊ नका. अर्थशास्त्राला संख्याशास्त्र, रसायनाला सूक्ष्मजीवशास्त्र, मराठीला पत्रकारिता अशी जोडी पुढे कामाला येते. प्रवेशाआधी विचारायचा प्रश्न हा की छापलेल्या यादीतले किती मायनर यंदा प्रत्यक्षात शिकवले जाणार आहेत.

बीबीए, बीसीए, बीएमएस यांना २०२४-२५ पासून राज्याची सीईटी आली, कारण ते एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेले. काही महाविद्यालयांनी मग त्याच धाटणीचे अभ्यासक्रम बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स अशा नावांखाली चालू ठेवले. सीईटी दिली नसेल तर हा मार्ग उघडा असतो. मात्र गुणपत्रिकेवर आणि पदवीवर जे नाव येणार ते विद्यापीठाच्या परिपत्रकात बघून घ्या, माहितीपत्रकातल्या रंगीत पानावर नव्हे.

सीए करणाऱ्यांनी बीकॉम सोबत करावं, पण महाविद्यालय निवडताना हजेरीची सक्ती किती कडक आहे हे विचारावं. फाउंडेशनला १०० गुणांचे चार पेपर, प्रत्येकात किमान ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. शेवटचे दोन पेपर वस्तुनिष्ठ आणि चुकीला पाव गुण वजा. इंटरमीडिएटला सहा पेपर दोन गटांत, मग दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी. नियमित बीकॉमची हजेरी आणि आर्टिकलशिप एकत्र जमत नसेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बीकॉम हा सरळ मार्ग आहे.

कायद्यासाठी राज्याची सीईटी वेगळी, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट वेगळी. क्लॅट डिसेंबरमध्येच होते, म्हणजे बारावी चालू असताना. डिझाइनसाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड, एनआयडीची डॅट, निफ्टची स्वतंत्र. यांचीही नोंदणी हिवाळ्यातच संपते. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेसाठी आयएटी ही परीक्षा. एनडीए वर्षातून दोनदा, वय साडेसोळा ते साडेएकोणीस, मुलींनाही खुली. लेखी ९०० गुण आणि मुलाखतीचे ९००, तेव्हा नुसत्या गणितावर भागत नाही.

कागदपत्रं: अकरावीतच सुरुवात

जात वैधता प्रमाणपत्राला सगळ्यात जास्त वेळ लागतो. जातीचा दाखला वेगळा आणि वैधता वेगळी. अकरावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिफारसपत्रासह जिल्हा पडताळणी समितीकडे ऑनलाइन अर्ज करा. वडिलांची, सख्ख्या भावंडांची किंवा काकांची वैधता असेल तर तिची प्रत जोडा, काम खूप लवकर होतं. नुसत्या पावतीवर तात्पुरता प्रवेश मिळाला तरी दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र न दिल्यास राखीव जागेवरचा हक्क जातो.

नॉन-क्रीमीलेअर दाखल्यावर 'या तारखेपर्यंत वैध' असं लिहिलेलं असतं. जुलै २०२६ मध्ये प्रवेश घेताना ती तारीख ३१ मार्च २०२७ हवी. मार्चमध्ये काढलेला दाखला त्याच महिन्याच्या अखेरीस संपलेला असू शकतो, म्हणून एप्रिल उजाडल्यावर अर्ज करा. ईडब्ल्यूएसचंही तसंच. निकालानंतर सेतू आणि महा-ई-सेवा केंद्रांत रांगा लागतात आणि तहसील कार्यालयातल्या सह्या रेंगाळतात.

राज्याचा आणि केंद्राचा नमुना वेगळा असतो. जेईई, नीटच्या अखिल भारतीय जागा आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस दाखला लागतो. काही जाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत पण केंद्राच्या नाहीत, आणि एसईबीसी हा राज्याचा सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्ग केंद्रात नाहीच. एकाच मुलाला राज्यात एक प्रवर्ग आणि केंद्रात दुसरा लावावा लागू शकतो. यात चूक झाली तर पडताळणीच्या टेबलावर जागा रद्द होते.

नावाची जुळणीही तपासा. दहावीच्या प्रमाणपत्रावर, आधारवर आणि जातीच्या दाखल्यावर वडिलांच्या नावात एक वेलांटी इकडची तिकडे असेल तर केंद्रावरचा माणूस अर्ज परत पाठवतो. राजपत्रात नाव बदलण्यापेक्षा चुकीचा दाखला दुरुस्त करून घेणं स्वस्त आणि लवकर होणारं.

सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी एक खास तरतूद आहे. कर्नाटकातल्या वादग्रस्त ८६५ गावांतून शिकलेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांना इंजिनिअरिंगसारख्या कॅप प्रवेशात 'टाइप ई' म्हणून महाराष्ट्राचे उमेदवार धरतात. बेळगाव, निपाणीकडच्या अनेक घरांना हे ठाऊक नसतं. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या पण आई किंवा वडील यांपैकी एकाकडे इथला अधिवास असलेल्यांसाठी 'टाइप बी' आहे. ही सवलत वैद्यकीयच्या राज्य कोट्याला जशीच्या तशी लागू होत नाही.

फी आणि शिष्यवृत्ती

खाजगी व्यावसायिक महाविद्यालयाची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. त्याहून जास्त मागितली तर पावती मागा. पावती द्यायला नकार मिळाला की काय ते कळतंच. बाहेरच्या जिल्ह्यात गेलात तर वसतिगृह, खानावळ आणि प्रवास मिळून खर्च ट्यूशन फीच्या बरोबरीला येऊ शकतो, तो आकडा आधी मांडा.

आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत ट्यूशन आणि परीक्षा फीची संपूर्ण प्रतिपूर्ती २०२४-२५ पासून मिळते. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या मागास मुलांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून निम्मी ट्यूशन फी. अर्ज महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर, दरवर्षी नव्याने. दोन्हींची मोठी अट म्हणजे प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन किंवा संस्थास्तरावरच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला हे काहीही मिळत नाही. त्यामुळे कॅपमधली थोडी कमी आवडीची जागा सोडून संस्थास्तरावर जाताना चार वर्षांचा फरक रुपयांत काढा. पैसे अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बँक खात्याला आधार जोडलेलं नसणं. नुसतं केवायसी झालेलं पुरत नाही, डीबीटीसाठी खातं आधारशी संलग्न आहे का ते बँकेतच विचारा.

दोन जागा हातात असतील तर

बीएस्सीच्या याद्या आधी लागतात आणि कॅप नंतर, म्हणून सुरक्षिततेसाठी बीएस्सीला प्रवेश घेऊन ठेवणं योग्यच. यूजीसीच्या नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी रद्द केल्यास प्रक्रिया शुल्क वजा जाता पूर्ण फी परत मिळते, हे शुल्क भरलेल्या फीच्या पाच टक्क्यांपेक्षा आणि कमाल पाच हजार रुपयांपेक्षा जास्त कापता येत नाही. त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, तारीख उलटल्यावर पंधरा दिवसांत ८० टक्के, तीस दिवसांपर्यंत ५० टक्के, पुढे काही नाही. रद्द करण्याचा अर्ज लेखी द्या आणि तारखेसह पोच घ्या, कारण परतावा त्या तारखेवरून मोजतात. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला अडवून ठेवायचा महाविद्यालयाला अधिकार नाही. तरीही दाखला देण्याआधी त्याच्या पाच-सहा साक्षांकित प्रती काढून ठेवा, एकदा कार्यालयात गेला की तो परत हाती यायला आठवडाही लागतो.

४५ टक्क्यांची अट थोडक्यात हुकली असेल तर जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेला श्रेणीसुधारसाठी बसता येतं. एक वर्ष थांबून नीट किंवा सीईटी पुन्हा द्यायची असेल तर आधी मागच्या प्रयत्नाचा हिशोब करा. अभ्यासक्रम पूर्ण न होता कमी गुण आले असतील तर थांबण्यात अर्थ आहे. अभ्यासक्रम दोनदा उजळून, सराव पेपर सोडवूनही गुण खूप मागे राहिले असतील, तर त्याच वर्षी दुसरी जागा घेतलेली बरी. थांबलात तर पुढच्या वर्षी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल, आणि उत्पन्न, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस यांपैकी तुम्हाला लागू असणारा दाखला पुन्हा नवा काढावा लागेल.